बॅटरी मारली म्हणजे डोळे तपासले का?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:१०

मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमावाली नर्स. अकरा वर्षं झाली नोकरीला, सगळी नाशकातच. आधी नाशिकरोडला एका छोट्या नर्सिंग होममध्ये होते, आता शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात. नाव विचारू नका, चूक हॉस्पिटलची नव्हतीच.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराला सिन्नरकडच्या एक आजी ॲडमिट झाल्या. डोकं फुटेल असं दुखतंय, तीन उलट्या, बीपी १७०. सोबत सून. खालून फाइलवर लिहून आलं होतं, 'डोकेदुखी, उलट्या, ॲसिडिटी?' आजींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून उजव्या डोळ्यावर दाबून धरला होता. मी सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि ॲडमिशन शीट भरायला घेतली. त्यात प्युपिलचा, म्हणजे बाहुलीचा रकाना असतो. आजींना म्हटलं, जरा पदर काढा. बॅटरी मारली, डावी बाहुली छान बारीक झाली. उजवीकडे बॅटरी नेली तर त्यांनी डोळा गच्च मिटला. "नको गं बाई, सुया टोचतात." मी म्हटलं, राहू दे. आणि लिहिलं काय? 'दोन्ही नॉर्मल, रिॲक्टिंग.' हात आपोआप चालला. त्या रात्री अठ्ठावीस पेशंट होते, पण ती सबब आत्ता सुचतेय. तेव्हा सबबीचीसुद्धा गरज वाटली नव्हती.

सकाळी साडेसहाला मावशी चादर बदलायला गेल्या आणि तशाच परत आल्या. "सिस्टर, त्या म्हातारीचा डोळा बघा की. लालभडक झालाय. आणि म्हणती, बल्बाभवती रंगीत कडं दिसतंय." मी धावत गेले. उजवं बुबुळ धुरकट, फुंकर मारलेल्या काचेसारखं. बाहुली अर्धवट मोठी, जराशी लांबट, बॅटरी मारली तरी ढिम्म. डोळ्यांच्या डॉक्टरांनी येऊन प्रेशर पाहिलं, पन्नासच्या वर होतं. नॉर्मल १० ते २१. अचानक चढलेला काचबिंदू. मग प्रेशर उतरवायला मॅनिटॉल, ॲसिटाझोलामाइड, थेंब, दुसऱ्या दिवशी लेसर. डावा डोळा वाचला, त्यालाही खबरदारी म्हणून लेसर केलं. उजव्याने आता दोन मीटरवरची बोटं मोजता येतात, तेवढंच.

मला कुणी काही बोललं नाही. आजी तर उलट सुनेला म्हणाल्या, "रातभर पोरगी उभी व्हती." सही माझी होती.

तर विचारायचं हे की तुम्ही वॉर्डात डोळे बघता म्हणजे काय काय बघता, कुठल्या क्रमाने, आणि लिहिता किती? पुस्तकातलं नको, पुस्तक माझ्याकडे आहे.

---

तर्री_कमी | मंगळवार, दुपारी ४:०२

मी मेडिकलमधला नाही, पण वाचून अंगावर काटा आला. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी असंच डोकं दुखून उलट्या झाल्या होत्या. आम्ही मिसळ बाधली म्हणून दोन दिवस ताक-भात देत बसलो. नशिबाने ते मायग्रेनच निघालं. दिव्याभोवती रंगीत कडं, हे आता लक्षात राहील.

---

तक्तेवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

ताई, लिहिलंत हे मोठं काम केलंत.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी. वीस वर्षं तक्त्यासमोर उभा आहे, म्हणून हे नाव. माझं पहिलं म्हणणं एवढंच: बॅटरी दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरला पेशंटला विचारा, 'काय दिसतंय?' आणि तेही एकेका डोळ्याने. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाचं पाप झाकतो. एक डोळा सहा-सहा महिने आंधळा असलेली माणसं मी पाहिलीत, ज्यांना तो आंधळा आहे हे शिबिरात दुसऱ्यावर हात ठेवल्यावर कळलं.

हात ठेवायचा म्हणजे तळवा. बोटं ठेवली की पोरं फटीतून बघतात, म्हातारी माणसं डोळा दाबतात आणि मग त्या दाबलेल्या डोळ्याने पुढची दोन मिनिटं धुरकट दिसतं.

अक्षरांचा तक्ता सहा मीटरवर. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये काढलेला, आजही तोच चालतो. ६/६० याचा अर्थ आमच्या नर्सिंगच्या मुलींना नेहमी उलटा कळतो. वरचा आकडा म्हणजे पेशंट किती लांब उभा आहे, खालचा म्हणजे निरोगी डोळ्याला ती ओळ किती लांबून वाचता येते. सगळ्यात वरचं अक्षर सुमारे ८७ मिलिमीटर उंच असतं. चांगल्या डोळ्याचा माणूस ते साठ मीटरवरून ओळखतो आणि आपल्या पेशंटला सहावर यावं लागतं. तेही ओळखलं नाही तर पेशंटला पुढे आणा, तीन मीटरवर वाचलं तर ३/६०. मग बोटं मोजायला लावा, मग हात हलवून दाखवा, मग बॅटरी आणि 'उजेड कुठून येतोय' हा प्रश्न. प्रत्येक पायरीला वेगळा अर्थ आहे. उजेडाची दिशा सांगणाऱ्या पिकल्या मोतीबिंदूच्या आजोबांना ऑपरेशननंतर दिसण्याची आशा असते. उजेडच कळत नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणून केसपेपरवर नुसतं 'दिसत नाही' असं लिहिलेलं पाहिलं की माझा जीव जळतो. ३/६० च्या खाली गेलं की आपल्याकडे २०१७ पासून अंधत्व धरतात, त्याआधी ६/६० ची रेघ होती. म्हणजे तुमच्या एका आकड्यावर माणूस कुठल्या यादीत जातो ते ठरतं.

दृष्टी कमी आली की कार्डाला सुईने जाड भोक पाडा, साधारण सव्वा मिलिमीटरचं, आणि त्यातून वाचायला लावा. दोन ओळी खाली गेला तर बहुतेक चष्म्याचं काम आहे. काहीच फरक नाही तर डोळ्याच्या आत काहीतरी आहे, पुढे पाठवा.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी 'ई'चा तक्ता, दात कुठल्या बाजूला तेवढं सांगायचं. पण रांगेत सगळ्यांदेखत "वाचता येतं का?" असं विचारू नका, बाया मान खाली घालतात. मी विचारतो, "अक्षरांचा तक्ता घेऊ की फणीचा?" फणी हा शब्द माझा नाही. वणीकडच्या एका शिबिरात एक आजी 'ई' बघून म्हणाल्या, "ही फणी व्हय? दात खाली हायती." तेव्हापासून आमच्याकडे तो फणीचा तक्ता.

---

शंकासूर | मंगळवार, रात्री ९:२०

तक्तेवाले दादा, सगळं मान्य. पण वॉर्डात अठ्ठावीस पेशंट, दोन सिस्टर, त्यात एक शिकाऊ. सहा मीटर मोकळी जागा फक्त लिफ्टसमोर. सलाईन लावलेल्या माणसाला तिथे उभं करू? शिवाय व्हिजन घेणं हे नर्सचं काम आहे का? उद्या म्हणाल सोनोग्राफीपण करा.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:०५

शंकासूर, हे मीही आधी म्हणायचे. आता जे करते ते सांगते. सलाईनची बाटली पेशंटच्या हाताच्या अंतरावर धरते आणि मोठं अक्षर वाचायला सांगते, एकदा उजवा झाकून, एकदा डावा. मग भिंतीवरचं घड्याळ. लिहिताना ६/१२ वगैरे काही नाही, जे झालं ते: 'उजव्या डोळ्याने कॉटवरून घड्याळ वाचलं, डाव्याने फक्त बोटं मोजली.' चाळीस सेकंद लागतात, मोजून पाहिलेत. त्या रात्री आजींचा डावा डोळा झाकून 'माझी बोटं किती?' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

सोनोग्राफीचं मशीन दिलं तर करू की.

---

तक्तेवाला | मंगळवार, रात्री १०:३०

हेच. अंतर आणि वस्तू लिहा, पुढचं मी समजून घेईन.

एक राहिलं. अशा आजींना कधीकधी पोटात कळ येते म्हणून पेटके थांबवायचं इंजेक्शन दिलं जातं. त्या जातीची बरीच औषधं बाहुली मोठी करतात आणि अरुंद कोनाच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची वाट चिंचोळी असलेल्या डोळ्यात आगीत तेल पडतं. लाल डोळा, उलट्या, डोकेदुखी एकत्र दिसली की दोन्ही मिटलेल्या पापण्यांवरून तर्जनीने हलकेच दोन्ही गोळे चाचपून पाहा. एक दगडासारखा लागला तर रात्री दोनलाही फोन करा, सकाळची वाट पाहू नका. पण डोळ्याला मार लागला असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर बोट लावायचं नाही.

---

आयसीयू_ब्रदर | बुधवार, पहाटे २:४०

नाइटला आहे, म्हणून या वेळी.

बॅटरीला दुसऱ्या नंबरवर टाकलंत, पण आमचे पेशंट बोलतच नाहीत. आमच्यासाठी तीच पहिली. म्हणून ती नीट मारा. खोलीतला दिवा कमी करा. बॅटरी समोरून आणू नका, समोरून आणली की शुद्धीतला पेशंट बॅटरीकडे बघतो आणि जवळ बघितल्यानेच बाहुली बारीक होते. बाजूने आणा. एका डोळ्यावर मारताना दुसऱ्याकडेही बघा, तीही बारीक झाली पाहिजे. मग बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर झुलवा. झुलवल्यावर एखादी बाहुली बारीक व्हायच्या ऐवजी पसरत असेल तर त्या बाजूच्या नसेत किंवा पडद्यात मोठा घोटाळा आहे. आणि माप मिलिमीटरमध्ये. 'नॉर्मल साइज' हे माप नाही. बऱ्याच बॅटऱ्यांवर ठिपक्यांची पट्टी छापलेली असते, ती शोभेला नाही.

आमच्याकडे मी एक नियम लावून घेतलाय: आधीच्या शिफ्टचा चार्ट प्युपिल बघून झाल्यावरच उघडायचा. आधी वाचलं की डोळे तेच बघतात.

एक किस्सा. दम्याचे एक काका, चांगले बोलत होते, चहा मागत होते. पहाटे पाहिलं तर डावी बाहुली ७, उजवी ३. डावी उजेडाला हलेना. ज्युनिअर डॉक्टर घाबरले, सीटीची तयारी सुरू. मी काकांकडे बघत होतो. मास्कची डावी बाजू नाकापाशी उचललेली, नेब्युलायझरचा धूर सरळ डाव्या डोळ्यात. औषधात इप्राट्रोपियम होतं, तेही बाहुली मोठी करतं. दिवसभरात बाहुली जागेवर आली. सीटी झालाच, तो नॉर्मल निघाला, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. डोक्याला मार लागलेला माणूस झोपाळू होत चाललाय आणि एक बाहुली मोठी होतेय, तर तिथे मास्क शोधत बसायचं नाही, पळायचं. मेंदूला सूज येऊन तिसरी नस दाबली जातेय, मिनिटं महत्त्वाची. काका बोलत होते म्हणून मला मास्ककडे बघायला सवड मिळाली.

तसंच डोळ्यांच्या ओपीडीत बाहुली मोठी करायचे थेंब घालून आलेल्या पेशंटच्या फाइलवर थेंबाची वेळ लिहा. नाहीतर रात्री कुणीतरी उगाच धावतं.

शेवटचं. जीसीएसमध्ये, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजायच्या मार्कांमध्ये, डोळे उघडण्याचे ४ पैकी मार्क देताना पापण्या सुजून बंद असतील तर १ देऊ नका. 'सुजेमुळे उघडता येत नाही' असं लिहा. पेशंट उगाच जास्त बेशुद्ध दिसतो कागदावर.

---

निफाडची_सून | बुधवार, सकाळी ११:१५

मी नर्स नाही, द्राक्षवाली आहे. पण धागा वाचून राहवलं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्याकडे काडीला पेस्ट लावतात, फुटवे एकसारखे यावेत म्हणून. हायड्रोजन सायनामाइड असतं त्यात. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यात उडालं. हातमोजे होते, गॉगल शेडमध्ये खुंटीला. मी तिथल्या तिथे ड्रीपच्या नळीचं पाणी सोडलं डोळ्यात आणि गाडीवर घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे आधी केसपेपर काढा म्हणाले. तेवढ्यात आतून एक सिस्टर आल्या, ह्यांना दंडाला धरून आत नेलं, झोपवलं आणि सलाईनची नळी सरळ डोळ्यावर सोडली. "पेपर मागून काढा, वहिनी," म्हणाल्या. बाटल्यांवर बाटल्या. दिसतंय का हे बऱ्याच वेळाने विचारलं. म्हणजे त्यांनी चूक केली का? तुम्ही सगळे तर आधी दृष्टी बघा म्हणताय.

---

तक्तेवाला | बुधवार, दुपारी १:००

वहिनी, त्या सिस्टरच्या पाया पडावंसं वाटतं. अजिबात चूक नाही. डोळ्यात केमिकल गेलं की एकच नियम: आधी पाणी, बाकी सगळं नंतर. तुम्ही ड्रीपचं पाणी सोडलंत तिथेच निम्मी लढाई जिंकलात.

सिस्टर मंडळींसाठी: रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन, आयव्ही सेट लावून, किमान तीस मिनिटं. भूल देणारा थेंब असेल तर आधी तो, पेशंट डोळा उघडा ठेवतो. मग पाच-दहा मिनिटं थांबून लिटमस पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवा, सातच्या आसपास आली नाही तर पुन्हा धुवा. वरची पापणी उलटून बघायचीच. चुन्याचे खडे तिथे लपतात आणि धुणं थांबलं की पुन्हा भाजायला लागतात. चुना ॲसिडपेक्षा वाईट, तो आत मुरत जातो. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरं दाबतात, फाटते आणि थेट डोळ्यात. चारेक वर्षांची पोरं असतात हो. आणि कुणी लिंबू पिळून उतारा करायला सांगेल तर त्याला बाहेर काढा.

दुसरा अपवाद डोळा फुटलेला असण्याची शंका. आपल्याकडे संक्रांतीला नायलॉन मांजा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्राइंडिंगचा कण. बाहुली गोल नसून एका बाजूला ओढलेली दिसली, किंवा बुबुळावर काळपट काही बाहेर आलेलं दिसलं, तर धुऊ नका, दाबू नका, मलम घालू नका, पट्टी आवळू नका. कागदी कप कापून वरून चिकटवा, म्हणजे डोळ्याला काही टेकणार नाही. लगेच पाठवा. दृष्टी मात्र विचारून लिहा, तेवढ्याला दाब लागत नाही.

बागेत डोळ्याला पानाचा किंवा काडीचा ओरखडा गेला आणि दोन-चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालायचे नाहीत. शेतातल्या जखमेत बुरशी असते, स्टेरॉइडने ती माजते. तुमच्या भागात हे इतकं होतं की मी ऑक्टोबर ते मार्च हेच पाठ म्हणत असतो.

---

निफाडची_सून | बुधवार, दुपारी १:२५

ह्यांना आता चांगलं दिसतं. गॉगल अजून खुंटीलाच आहे.

---

पेठ_उपकेंद्र | बुधवार, रात्री ८:५०

सीएचओ, म्हणजे उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी आहे, पेठ तालुक्यात. रेंज आली की लिहितोय.

पावसाळ्यात आमच्याकडे डोळे बघायचं कारण साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात बारीक, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखतंय, घशात अडकतंय म्हणून. घरचे म्हणतात, काहीतरी खाल्लं असेल. अशा वेळी मी पापण्या बघतो. छताकडे मिनिटभर बघायला लावतो. पापण्या हळूहळू खाली येऊ लागल्या, माणूस बघायला मान मागे टाकू लागला किंवा कपाळाला आठ्या घालून पापणी उचलू लागला, तर तो झोपाळलेला नाही, विष चढतंय. पापणी बाहुलीच्या कुठपर्यंत आली ते वेळ घालून लिहितो, दर पंधरा मिनिटांनी. हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग सोबत देऊन १०८ ने पाठवतो, कारण पापणीनंतर श्वासाची पाळी असते.

आयसीयूवाल्या दादांना एक विनंती. मण्यारीच्या पेशंटच्या बाहुल्या मोठ्या होऊन अजिबात न हलणाऱ्या असू शकतात, सगळं अंग लुळं पडलेलं असतं, तरी आतून तो ऐकत असतो. बॅटरी बघून 'गेला' म्हणू नका. उलट फवारणीचं औषध पोटात किंवा अंगावर गेलेल्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, सोबत लाळ आणि घाम. हे तुम्हाला माहीत आहे, पण आमच्याकडे दोन्ही एकाच रात्री येतात म्हणून लिहिलं.

आणि लहान मुलं. अंगणवाडीत आई सांगते, "दिवसा बरा असतो, सांजेला पोरगं ताटात चाचपतं." तेवढं वाक्य पुरे. रातांधळेपणाला दुसरी तपासणी काय करणार? पांढऱ्या भागावर कानाकडच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा कोरडा त्रिकोणी डाग दिसला तर बिटॉट स्पॉट, अ जीवनसत्त्व कमी. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत मिळून नऊ डोस. आमच्या रजिस्टरात पहिले दोन रकाने भरलेले असतात, पुढचे रिकामे. मुलं आईबापाबरोबर द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीला गेलेली असतात. निफाडच्या ताई, तुमच्या बागेवर आमची पोरं असतील तर तिथल्या आशाताईंना सांगा, डोस कुठेही मिळतो.

---

निफाडची_सून | बुधवार, रात्री ९:३०

आहेत. सात-आठ पोरं आहेत शेडवर. उद्याच बोलते.

---

तिसरं_वर्ष | गुरुवार, दुपारी १२:१०

मी बीएस्सी नर्सिंगला आहे. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल मॅडम क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा विचारतातच. डोळ्याशी कुठल्या कुठल्या आणि पटकन कशा दाखवायच्या? माझी तंतरलीय.

---

जुनी_मेट्रन | गुरुवार, संध्याकाळी ५:३०

बाळ, घाबरू नकोस. दुसरी बघायची: तक्ता, आणि समोर बसून आपल्या नजरेशी त्याची नजर तोलायची, तुझा डावा डोळा झाकलेला तर त्याचा उजवा. बोट बाजूने आत आणायचं, दोघांना एकदमच दिसलं पाहिजे. तिसरी, चौथी, सहावी हलवायच्या: डोकं स्थिर, बोटाने हवेत मोठा इंग्रजी 'एच' काढायचा, सावकाश. 'एलआर सिक्स, एसओ फोर', म्हणजे डोळा बाहेर वळवणारा स्नायू सहावीचा आणि वरचा तिरका चौथीचा, हे आमच्या वेळीही घोकायचो. पाचवी आणि सातवी पापणीला: कापसाचा धागा बाजूने आणून बुबुळाला स्पर्श, पाचवीला कळतं, सातवी मिटते. हा स्पर्श शुद्धीतल्या माणसाला उगाच करायचा नाही, परीक्षेत तोंडी सांग. आणि हात धुतले नाहीस तर मॅडम तिथेच नापास करतील, मी केलेत.

मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. इथे सगळे बाहुलीच्या मागे लागलेत, मी चष्म्याबद्दल बोलते. म्हातारा पेशंट ॲडमिट होतो, नातेवाईक घाईत चष्मा आणि कवळी पिशवीत घालून घरी नेतात, हरवू नये म्हणून. तिसऱ्या रात्री म्हातारा बरळायला लागतो, नळ्या ओढतो, बाथरूमला उठून पडतो. त्याला ना घड्याळ दिसत, ना माणसं. माझ्या वॉर्डात राऊंडला पहिला प्रश्न असायचा, "आजोबांचा चष्मा कुठाय?" तो पुसलेला असला पाहिजे हा दुसरा. चष्मा न लावता दृष्टी घेऊन 'कमी दिसतं' असं लिहिणाऱ्या मुलींना मी माझा चष्मा काढून रिपोर्ट वाचून दाखवायचे.

पट्टी बांधलेल्या माणसाजवळ जाताना आधी नाव सांगा, मग हात लावा. जेवण देताना ताटाचं घड्याळ करा: भाजी तीनवर, पोळी सहावर, पाणी उजव्या हाताला. बेल हातात देऊन एकदा दाबून घ्या.

आणि जे अवघड वाटतं म्हणून कुणी बोलत नाही ते. पेशंट गेल्यावर नेत्रदानाचं विचारणं. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पापण्या मिटवा, ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला तरी चालतं. मी सरळ विचारायचे. निम्मे हो म्हणायचे, उरलेल्यांनीही कधी राग धरला नाही.

---

शंकासूर | गुरुवार, रात्री ८:१५

काल रात्री चाळीस सेकंदांचं करून पाहिलं. माझे अडुसष्ट झाले. सहा नंबरच्या बेडवरच्या मधुमेहाच्या बाईंना उजव्या डोळ्याने घड्याळाचा खालचा अर्धा भाग दिसत नव्हता. "चार ते आठपर्यंतचे आकडे पडलेत काय हो?" असं मलाच विचारलं. तीन दिवस आमच्याकडेच आहेत, शुगर दिवसातून चारदा बघतोय. आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, आत रक्तस्राव आहे. शेवटची डोळ्यांची तपासणी कधी विचारलं तर म्हणाल्या, चष्मा केला तेव्हा, मुलाच्या लग्नात. मुलाला आता दोन मुलं आहेत.

सोनोग्राफीचं ते मागे घेतो.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९:४०

ड्यूटीवरून आत्ता आले. सगळ्यांना एकेक उत्तर देते दुपारी, झोपून उठल्यावर.

इनचार्ज सिस्टरना धागा दाखवला. त्यांनी हँडओव्हरच्या वहीत एक ओळ वाढवली, हाताने रेघ मारून: 'एकेका डोळ्याने काय दिसलं?' आणि चार्टवर 'बघू दिलं नाही' असं लिहायची परवानगी दिली. हे मला आधी सुचलं नव्हतं. त्या रात्री खरं तर तेच लिहायला हवं होतं.

आजी परवा बीपी दाखवायला आल्या होत्या. बाकावर तिरक्या बसल्या होत्या, मान उजवीकडे वळवून, म्हणजे डावा डोळा दाराकडे येईल अशा. मी मागून गेले तर आवाजावरून ओळखलं. "रातची सिस्टर ना तू?" पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून दिले, मोजून चार. डबा काढताना उजव्या बाजूचा पाण्याचा ग्लास कोपराने पडला, त्यांना दिसलाच नव्हता.

---

तिसरं_वर्ष | शुक्रवार, सकाळी १०:०५

ताई, फणीचा तक्ता खिशात मावेल एवढा मिळतो का? दुकानात मोठाच दाखवतात.

---

तक्तेवाला | शुक्रवार, सकाळी १०:३०

मिळतो, पण तो जवळचं बघायचा असतो, लांबचं नाही. तुला एकच 'ई' पुरेल. पुठ्ठ्यावर ८७ मिलिमीटरचा चौकोन आखून त्यात 'ई' काप, प्रत्येक दांडा आणि मधली जागा सारखी, म्हणजे चौकोनाचा पाचवा भाग. सहा मीटर म्हणजे वीस फूट, फरशा मोजून ठेव. फिरवून धर आणि विचार, दात कुठे.